सात कवड्या आणि एक रिकामी जागा

१४ जून २०२४, शुक्रवार

ही डायरी कृषी केंद्रवाल्याने जानेवारीत फुकट दिली होती. पहिल्या पानावर फवारणी पंपाची जाहिरात आहे आणि दर महिन्याच्या सुरुवातीला एकेक खत. सहा महिने ती कपाटात साड्यांखाली पडून होती. काल दारव्ह्याला महिला उद्योगाच्या प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या, धंदा डोक्यात ठेवू नका, कागदावर ठेवा, रोज लिहा. मी मान हलवली. रोज लिहिणं माझ्याने होणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. काही घडलं की लिहीन.

तर आधी आम्ही कोण ते. मी शीला धनसिंग राठोड, बारावी पास. आमचा बंजारा तांडा दारव्ह्यापासून नऊ किलोमीटरवर. नवरा शेती बघतो आणि फार बोलत नाही, त्यामुळे आमचं बरं चाललंय. सासूबाई सोनीबाई. त्यांना सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई. याडी चाळीस वर्षं दारव्ह्याच्या आठवडी बाजारात जवसाची चटणी विकायला बसल्या. समोर कवड्या लावलेलं लाल फडकं अंथरायचं आणि त्यावर डबा ठेवायचा. लोक त्यांना 'कवडीवाली' म्हणायचे.

२०२१ मध्ये आम्ही सहा बायांनी गट करून पाकिटं भरायला घेतली, तेव्हा नाव ठेवलं 'सात कवड्या'. फडक्यावर सात आहेत म्हणून. खरं तर आठ होत्या, पण चौथीच्या पुढची कुठल्यातरी बाजारात पडली, तिची जागा तशीच राहिली. माझ्या दिराने फडक्याचा फोटो काढला, दारव्ह्याच्या प्रिंटिंगवाल्या ऋतिकने त्यावरून चित्र केलं, आणि त्या पठ्ठ्याने रिकामी जागाही जशीच्या तशी ठेवली. पाकिटावर कवड्या अशा दिसतात: चार, मग खड्डा, मग तीन. मला ते दात पडल्यासारखं वाटतं. याडी म्हणाल्या, "राहू दे व. हाय तसं हाय."

दिराचं नाव इंद्रजीत. दारव्हा-दिग्रस काळीपिवळी जीप चालवतो. त्याला एक रोग आहे: फ्लेक्स. कोणाचाही वाढदिवस असो, कोणाची निवड होवो, इंद्रजीत फ्लेक्सच्या वर्गणीत पुढे. आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळीत आमच्या चटणीचं नाव घुसवून येतो. मी म्हटलं, "पुढाऱ्याच्या मिशीखाली चटणीचं नाव कशाला?" तर नुसता हसतो. मिरवायची हौस, दुसरं काय.

पण धंदा वाढतोय. मी मार्चमध्ये खिडकीवाली पाकिटं आणली, आतली चटणी दिसते अशी. तेव्हापासून खप दुप्पट. काल दिग्रसचा एक किराणावाला म्हणाला, "ते स्टँडवरच्या फ्लेक्सवर नाव पाह्यलं, म्हणून मागवली." खिडकीबद्दल तो काही बोलला नाही, पण त्याच्या मनात असणारच.

७ जुलै, रविवार

आजचा दिवस वाईट गेला. बाजारात एक शिक्षक आले आणि याडींसमोर पाकीट आपटलं. म्हणाले, "सोनीबाई, तुमच्यावर भरवसा ठेवून मुलीच्या सासरी चार पाकिटं दिली. कडू जहर निघाली. विहिणीनं ऐकवलं मले."

याडींनी पाकीट फोडलं, बोटावर चिमूट घेतली, जिभेला लावली आणि थुंकल्या. म्हणाल्या, "हे मी भाजलं नाही गुरुजी. हे जवस तडतडाच्या आधीच उतरवलं, अन् तेल जुनं हाय."

पाकीट मी पाहिलं. नाव आमचं. कवड्या आमच्या. चार, खड्डा, तीन. खाली मात्र पत्ता उमरखेडचा.

गुरुजी पत्ता वाचून वरमले, पण आजूबाजूच्या दहा जणांनी फक्त आपटणंच ऐकलं होतं. जीपमध्ये याडी सारख्या डब्याचं झाकण उघडून पाहत होत्या. नंतर म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माह्या डब्यावर कोणी बोट ठेवलं नोतं." मला रडू आलं. रागाने आलं, हे लिहून ठेवते.

आणि हे नेमकं आता. नागपूरच्या एका मोठ्या दुकानाने दिवाळीपासून दर महिन्याला पाचशे पाकिटं घेऊ असं कळवलंय, पण त्यांची अट आहे की नावाची ट्रेडमार्क नोंदणी हवी, निदान अर्ज तरी. मी म्हटलं होतं, आमच्याकडे फूड लायसन्स आहे की. त्यांनी फोनवर सुस्कारा सोडला.

१० जुलै, बुधवार

डोकं चालवलं. मोठ्या कंपन्यांच्या पाकिटावर नावाशेजारी गोलात इंग्रजी आर असतो. तो असला की लोक घाबरतात आणि नक्कल करत नाहीत. ऋतिककडे गेले आणि सांगितलं, पुढच्या चारशे पाकिटांवर तो आर टाक. त्याने दोन मिनिटांत टाकला, वेगळे पैसेही घेतले नाहीत.

चांगला पोरगा आहे. म्हणाला, "ताई, तुमचं डिझाईन लय चालते बाप्पा. ज्याले दाखवलं त्याले आवडते." मी म्हटलं, "दाखवत जा मग, आमची जाहिरात होते." तो का कोण जाणे, खोकत खोकत आत पाणी प्यायला गेला.

५ ऑगस्ट, सोमवार

यवतमाळला गेले. प्रशिक्षणातल्या मॅडमनी वकील प्रेरणा गावंडे यांचं नाव दिलं होतं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. ऑफिसात एक पंखा आणि तीन खुर्च्या. मी ऐटीत पाकीट टेबलावर ठेवलं.

तिने पाकीट उचललं आणि पहिला प्रश्न विचारला, "हा आर कोणी टाकला?"

"मीच."

"ताई, हा गुन्हा आहे. नोंदणी झाल्याशिवाय हा आर लावता येत नाही, शिक्षा आहे त्याले. फार तर टीएम लिहा. त्याचा अर्थ इतकाच की हे आमचं चिन्ह आहे, असा आमचा दावा आहे."

मी खुर्चीत थोडी खाली सरकले. मग फूड लायसन्सचा कागद काढला. ती म्हणाली, त्याने चटणी विकायची परवानगी मिळते, नावाची मालकी नाही. उद्यमचा कागद दाखवला. त्याने धंदा नोंदवला जातो, नाव नाही. पण उद्यम असल्यामुळे अर्जाची फी निम्मी, साडेचार हजार. तेवढा एक कागद तरी कामाला आला.

मी म्हटलं, मग 'यवतमाळची अस्सल जवस चटणी' हे नावही माझ्या नावावर करून टाका, म्हणजे दुसरं कोणी बनवणारच नाही. ती हसली. "यवतमाळ, अस्सल, जवस, चटणी, हे सगळ्यांचे शब्द हायेत. उद्या दारव्ह्यातला कोणीही म्हणेल, मी पण यवतमाळची जवस चटणी बनवतो. तो खोटं थोडी बोलून राह्यला? पण 'सात कवड्या'चा चटणीशी काही संबंध नाही. म्हणूनच ते नाव चांगलं. ऐकलं की फक्त तुम्हीच आठवता." मला हे उलटं वाटलं. संबंध नसलेलं नाव चांगलं कसं? पण याडींना हे आवडेल.

मग तिने संगणकावर शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. उमरखेडच्या विमलताई नावाच्या बाईने मे महिन्यातच 'सात कवड्या'साठी अर्ज केलाय. चटण्या-मसाल्यांचा वर्ग तीस, तोच. चित्रही तेच.

मला वाटलं, संपलं. प्रेरणा म्हणाली, "संपलं नाही. आपल्याकडे अर्ज आधी कोणी केला यापेक्षा नाव आधी कोणी वापरलं ते मोठं. त्यांनी वापर नोव्हेंबर २०२३ पासून लिहिलाय. तुमचा २०२१ पासून. फक्त ते दाखवता आलं पाहिजे. असा कागद आणा, ज्यावर हे नाव आहे, तारीख आहे, आणि तो चार लोकांनी पाह्यलेला आहे. बिलं, जाहिराती, काहीही."

अर्ज आजच टाकला. नाव वेगळं आणि चित्र वेगळं, असे दोन. पुरावा म्हणून जोडायला या वर्षीची दोन बिलं निघाली. प्रेरणा म्हणाली, "हे कमी पडणार." मिळालं तर अख्ख्या देशात दहा वर्षं नाव आपलं, दहा वर्षांनी पुन्हा वाढवता येतं. नाही मिळालं तर आपणच आपलं नाव चोरल्यासारखं.

याडींना एवढंच सांगितलं की काम सुरू झालंय.

८ ऑगस्ट, गुरुवार

चारशे पाकिटं. प्रत्येकावर तो आर. फेकवेनात. शेवटी मैनाबाईने उपाय काढला. ती गटातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी बोलणारी. तिने पोलक्यातून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि पहिल्या आरवर मरून टिकली चिकटवली. बरोबर बसली. दुपारभर सहा बाया चटणीच्या पाकिटांना टिकल्या लावत बसलो. याडी म्हणाल्या, "सवाशीण दिसून राह्यली चटणी."

बाकी घर उलथंपालथं केलं. २०२१ चा एक कागद नाही. बाजारात बिल कोण देतं? गटाच्या वहीत 'चटणी' एवढंच. जुना मोबाइल विहिरीत पडलेला. ऋतिक बिल देतच नाही, चिठ्ठीवर आकडा लिहितो आणि ती चिठ्ठी चुलीत जाते.

याच वेळी इंद्रजीत नव्या फ्लेक्सची गोष्ट घेऊन आला. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, रूपसिंग यांचा वाढदिवस सप्टेंबरमध्ये येतोय. माझं डोकं आधीच तापलं होतं. म्हटलं, "आमचं नाव जाऊन राह्यलं, अन् तुम्हाले फ्लेक्स सुचून राह्यले? तीन वर्षांत एक बिल ठेवलं असतं तर कामी आलं असतं. तुम्ही नुसता तमाशा केला चौकात. स्वतःची हौस भागवायले चटणीचं नाव वापरलं."

तो "बरं भाभी" म्हणाला आणि गेला. जेवायला आला नाही. चूक माझी नाही, पण जेवला नाही हे बरं वाटलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

टिकलीवाली पाकिटं संपली. दोन दुकानदारांनी विचारलं, टिकलीवाली परत कधी येणार. कप्पाळ.

रूपसिंग नायकांचा वाढदिवस झाला. फ्लेक्स लागला. त्यावर आमचं नाव नव्हतं. इंद्रजीतचंही नव्हतं. मनाला शांतता मिळायला हवी होती, पण चौकातून जाताना त्या खालच्या ओळीकडे दोनदा पाहिलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

प्रेरणाचा फोन. आमच्या अर्जाची तपासणी झाली. अहवालात लिहिलंय, असाच अर्ज आधीच आलेला आहे, तुमचा का स्वीकारावा ते महिन्याच्या आत सांगा. म्हणजे फार तर दिवाळीपर्यंत. नागपूरवाल्यांनाही कळवायला लागलं. ते म्हणाले, थांबतो, पण किती?

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं आजच लिहिते.

दुपारी आभाळ आलं. सोयाबीन कापून शेतात गंजी लावलेली. धनसिंगने हाक मारली, सगळे धावलो. ताडपत्री एकच, बाकी गंजीवर नेहमीप्रमाणे जुने फ्लेक्स टाकायचे. आमच्या तांड्यात फ्लेक्स कधी मरत नाही. चौकातून उतरला की कोणाच्या तरी गंजीवर, गोठ्यावर, नाहीतर न्हाणीच्या आडोशाला जातो. पाऊस चार थेंब पडला आणि गेला. मी फ्लेक्सचं टोक दगडाखाली दाबत होते, आणि माझ्या तोंडासमोर आलं:

'तांड्याचे लाडके नायक रूपसिंग यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. दि. ४ सप्टेंबर २०२१. शुभेच्छुक...' आणि एका कोपऱ्यात चार कवड्या, खड्डा, तीन कवड्या. 'सात कवड्या जवस चटणी, दारव्हा.'

नाव. तारीख. आणि अख्ख्या दारव्ह्याने पाहिलेला.

मी गंजीवरच बसले. धनसिंग म्हणाला, "काय झालं? साप हाय का?" मी बोट दाखवलं. त्याने वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाला, "मंग हा काढून घेतो. गंजीवर दुसरा टाकू." नवरा असा असावा.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तांडाभर वरात फिरली. पुढे मी, मागे गटातल्या पाच जणी, त्यांच्यामागे पोरंटोरं. घराघरांत जाऊन म्हणायचं, तुमच्या गोठ्यावरचा फ्लेक्स दाखवा. पूनमसिंगच्या म्हशीवर सावली धरणारा फ्लेक्स काढला तर म्हैस रागावली. त्याच्या बदल्यात आम्ही नवी कोरी ताडपत्री दिली, तेव्हा शेजारचे आपणहून आपापले फ्लेक्स घेऊन यायला लागले, कवडी असो नसो. मैनाबाईच्या न्हाणीचा आडोसा काढताना तिने आधी आजूबाजूला लुगडी बांधली.

एकूण अकरा निघाले. २०२१ चे तीन, २०२२ चे पाच, पुढच्या वर्षीचे तीन. अंगणात ओळीने पसरले आणि हळद लावलेल्या पोरीसारखे पुसून घेतले. एका फ्लेक्सवर ऋतिकने नुसता चेहरा बदललाय, मिशी आधीच्या पुढाऱ्याचीच राहिलीय. तो असाच काम करतो, फाईल तीच, नाव नवं.

एक गोष्ट दिसली. प्रत्येक फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो आहेत. भीमराज, पूनमसिंग, जीपवाले सगळे, गॉगल लावून. इंद्रजीतचा फोटो एकावरही नाही. त्याच्या जागी कवड्या आहेत. त्याचा फोटो चांगला येत नसेल.

इंद्रजीत संध्याकाळी आला, अंगणात उभा राहिला. याडींनी सांगितलं काय झालं ते. मी चहा दिला. बोलायचं बरंच होतं, पण तोंडातून "साखर पाहून घ्या" एवढंच निघालं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

अकरा फ्लेक्स गुंडाळून एसटीने यवतमाळला. कंडक्टरने विचारलं, प्रचार सुरू झाला का?

प्रेरणाने ते ऑफिसभर पसरले, खुर्च्या बाहेर काढाव्या लागल्या. ती इतकी हसली की डोळे पुसायला लागली. मग गंभीर झाली. "पुरावा एक नंबर हाय. पण समोरचा म्हणेल, फ्लेक्स काल छापला अन् तारीख मागची टाकली. छापणाऱ्याचं शपथपत्र पाहिजे, त्याच्या संगणकावरच्या फाईलच्या तारखांसोबत."

येताना ऋतिककडे गेले. सगळं सांगितलं. उमरखेडच्या पाकिटाचं नाव काढल्यावर त्याला दरदरून घाम फुटला. म्हणाला, "ताई, मले ताप हाय. दोन दिवसांनी पाहू." बिचारा. सीझनचं काम, जागरणं होत असतील. सुंठ घालून चहा घे म्हटलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मी किती बावळट आहे हे या डायरीत कुठेतरी लिहायलाच हवं, तर इथे.

सकाळी ऋतिक तांड्यावर आला. हातात पेढे. चप्पल काढली, याडींच्या पाया पडला आणि उभाच राहिला. म्हणाला, "ताई, ती फाईल मीच देल्ली. माह्या मावसभावाचं उमरखेडात दुकान हाय. त्याच्याकडं एक बाई आली, म्हणे देशी दिसणारं लेबल पाहिजे, लवकर पाहिजे. मी तुमची फाईल पाठवली, पत्ता अन् नंबर बदलून. नावबी राहू दिलं. म्हटलं उमरखेड कुठं, दारव्हा कुठं, कोण पाह्यते."

मी बोलायला तोंड उघडलं, पण याडी आधी बोलल्या. "तुह्याजवळ ही फाईल कधीपासून हाय, ते लिहून देशील?"

"देतो. काहून नाही."

"मंग बस. चटणी-भाकर खा. पेढे घरी घेऊन जा."

तो खाली मान घालून जेवला. दोन भाकरी. शपथपत्र उद्या. जुलैचं पान वाचलं, पाणी प्यायला आत गेलेला ऋतिक आठवला, आणि डायरी बंद करून बसावंसं वाटलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

उमरखेडला जाऊन आलो. मी, याडी, आणि जीप चालवायला इंद्रजीत. भांडायची पूर्ण तयारी होती. दिग्रस, पुसद, सगळ्या रस्त्याने मी मनात वाक्यं लावत होते. इंद्रजीत मध्येच म्हणाला, "भाभी, आधी ऐकून घ्या." मी म्हटलं, "तुम्ही रस्ता पहा."

विमलताई पन्नाशीची बाई. घरातच चटणी करतात, दोन सुना हाताखाली. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला नाही, चढला. "आमचं लेबल आम्ही पैसे देऊन आणलंय. भाच्यानं अर्जबी केलाय. तुम्ही कोण सांगणार?"

मी ऋतिकचं शपथपत्र पुढे केलं. त्यांनी बाजूला सारलं. "कागद काय, कोणीबी लिहून देतंय."

मी आवाज चढवायच्या बेतात होते. याडींनी पिशवीतून लाल फडकं काढलं आणि विमलताईंच्या पाकिटाशेजारी जमिनीवर पसरलं. चार कवड्या, मग तुटलेल्या दोऱ्याचं टोक, मग तीन कवड्या.

विमलताईंनी पाकीट उचललं. फडक्याकडे पाहिलं. बोट पाकिटावरच्या रिकाम्या जागेवर गेलं. "मी त्या छापणाऱ्याला किती वेळा इचारलं," त्या सावकाश म्हणाल्या, "ही मधली जागा मोकळी कशापायी सोडली? तर म्हणे, डिझाईनच तसं असतंय."

"आठवी होती तिथं," याडी म्हणाल्या. "बाजारात पडली. तव्हा धनसिंग पोटात होता."

मग कोणालाच भांडता येईना. विमलताई डोळ्याला पदर लावून बसल्या. त्यांनी एवढी पाकिटं छापलीत, भाच्याने फी भरलीय, आता नाव सोडलं तर गावात काय सांगू, म्हणाल्या. मलाही त्यांच्याजागी असंच वाटलं असतं, हे मला आवडलं नाही पण खरं आहे. याडींनी त्यांच्या चटणीची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "जवस लवकर उतरवता तुम्ही. मोठ्यानं तडतडू द्या, मंग दोन मिनिटं अजून. लसूण मात्र तुमचा माह्याहून चांगला हाय."

सुना हसल्या. आम्हाला जेवायला बसवलं. निघताना मी म्हटलं, प्रेरणाकडे चला, नवं नाव शोधून तुमचा स्वतःचा अर्ज करू, यावेळी आधी पाहूनच. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते. जीपपर्यंत सोडायला आल्या आणि इंद्रजीतला म्हणाल्या, "तुमचंच नाव पुसदच्या फ्लेक्सवर बघितलं होतं की मी. चटणीचं. मला वाटलं आमचंच कोणी लावलंय."

पुसदला पण? मी त्याच्याकडे पाहिलं. तो आरसा पुसत होता.

परत येताना याडी मागे झोपल्या. मी विचारलं, "फ्लेक्सवर सगळ्यांचे फोटो हायेत. तुमचा काहून नाही?"

तो गिअर बदलून म्हणाला, "एका वर्गणीत एकच जागा भेटते भाभी. माहं थोबाड पाहून कोण चटणी घेईन?"

मग मी दारव्ह्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. खिडकीच्या पाकिटाने खप दुप्पट झाला म्हणे. मीच लिहिलंय, जूनमध्ये.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

उत्तर दाखल. अकरा फ्लेक्सचे फोटो, ऋतिकचं शपथपत्र, गुरुजींची चिठ्ठी (त्यांनी आपणहून दिली, म्हणाले आपटलं होतं ते भरून काढू द्या). विमलताईंचा फोन आला: अर्ज मागे घेतेय. भाचा रागावलाय. दिवाळीचा फराळ पाठवते म्हणाल्या.

इंद्रजीतची माफी मागायची राहिलीय. मला ते जमत नाही. लहानपणापासून जमत नाही.

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

डायरी २०२४ ची आहे, पण पानं उरलीत आणि मी चिकट आहे. वार खोडून लिहिते.

दोन्ही अर्ज स्वीकारले. नाव ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये छापून आलं. आता चार महिने थांबायचं, कोणाची हरकत असेल तर त्याने सांगायची. याडी रोज विचारतात, कोणी हरकत घेतली का? जणू लग्नच ठरलंय.

नागपूरवाल्यांना जर्नलचं पान पाठवलं. पहिली पाचशे पाकिटं पुढच्या आठवड्यात. विमलताईंनी नवं नाव घेतलं, 'जोडवं'. प्रेरणाने आधी शोधून पाहिलं, कोणाचं नाही. ऋतिकने चित्र काढलं आणि याडींनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की ही फाईल दुसऱ्या कोणाला देणार नाही. त्याने कानाला हात लावला.

१८ जुलै २०२५, शुक्रवार

आलं. प्रमाणपत्र. नावाचं एक, चित्राचं एक. प्रेरणाने मोबाइलवर पाठवली, मी दारव्ह्याहून रंगीत प्रिंट काढून आणली. 'सात कवड्या', वर्ग तीस, अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं. म्हणजे ऑगस्ट २०३४ पर्यंत. तेव्हा मी पन्नाशीला टेकेन.

याडींनी चित्राचा कागद हातात धरला. वाचता येत नाही, पण चित्र ओळखलं. कवड्या मोजल्या. रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हेबी लिहून घेतलं त्याहीनं?" म्हटलं, हो, आता ती जागाही आपलीच. त्या उठल्या, फळीवर टिकलीवालं एक जुनं पाकीट ठेवलेलं होतं, त्याची टिकली नखाने काढली आणि स्वतःच्या आरशाला चिकटवली.

इंद्रजीत म्हणाला, "अभिनंदन भाभी," आणि जीपकडे गेला. माफी पुन्हा राहिली. पण आता एक सुचलंय.

९ ऑगस्ट, शनिवार

आज इंद्रजीतचा वाढदिवस. तो छत्तीस वर्षांचा झाला आणि त्याचा वाढदिवस आजवर कोणी साजरा केलेला नाही, कारण तो कायम दुसऱ्यांच्या वाढदिवसात असतो.

फ्लेक्स मी सांगितला. आयुष्यातला माझा पहिला. वीस बाय दहा फुटांचा, स्टँडच्या चौकात, परवानगीची पावती काढून. ऋतिकने विचारलं, कोणता पुढारी? मी फोटो दिला. मतदान कार्डाचा होता, दुसरा मिळेना. ऋतिकने तो मोठा केला, गॉगल लावू का म्हणाला. म्हटलं, नको, चेहरा दिसू दे.

सकाळी इंद्रजीतने जीप चौकात आणली आणि मधोमध थांबवली. मागून एसटीवाला हॉर्न देत होता. मी पानठेल्याआड उभी होते, तरी मला सगळं दिसलं. वर त्याचा चेहरा, तेवढा मोठा. खाली शुभेच्छुकांची ओळ, त्यात कोणाचाही गोल फोटो नाही. फक्त चार कवड्या, रिकामी जागा, तीन कवड्या, आणि शेजारी गोलातला आर. यावेळी टिकलीशिवाय.

तो खाली उतरला, रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. म्हणाला, "भाभी, मतदान कार्डाचा काहून लावला? चोरासारखा दिसून राह्यलो."

मी म्हटलं, "तुमचा दुसरा फोटो कुठं होता? सगळ्या जागा चटणीले देऊन टाकल्या तुम्ही."

त्याने नाक ओढलं. धुळीने, म्हणाला. मग जीपमधल्या बायांना सांगून आला की पाच मिनिटं थांबा, आणि आम्ही दोघांनी पानठेल्याशेजारी उभ्याने चहा घेतला. साखर त्याने स्वतः पाहून घेतली.

दुपारी धनसिंगचा फोन आला. फ्लेक्स उतरवला की जपून आणा म्हणाला, यंदा सोयाबीन चांगलं आहे, गंजीला लागेल.